लाल दिव्यात दिसणारा माणूस : प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

काम ठरलं. गणपतीत मंडळाच्या मांडवाशेजारची एक भिंत मुलांसाठी राखलेली असते, तिथं त्यांची चित्रं लागतात. यंदा त्या भिंतीवरची दोन फूट बाय तीन फूट जागा मी मागून घेतली. तिथं एक चौकट बसवायची. पांढऱ्या उजेडात चौकटीत रिकामी खोली दिसेल: खुर्ची, टेबल, मागं फुलाफुलांच्या कागदाची भिंत. बटण दाबलं की पांढरा दिवा जाऊन लाल लागेल आणि त्याच खोलीत एक माणूस उभा दिसेल. स्क्रीन नाही, प्रोजेक्टर नाही, मोबाइल नाही. छापलेला कागद आणि दोन दिवे, एवढंच.

माणूस कोण, ते माझ्या वयाच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'तला अरुण वर्मा. वडिलांनी करून ठेवलेलं एक यंत्र मनगटावर बांधतो आणि दिसेनासा होतो; फक्त लाल प्रकाशात दिसतो. आम्ही त्या यंत्राला घड्याळच म्हणायचो. शेखर कपूरचं दिग्दर्शन, पटकथा सलीम-जावेदची, आणि ती त्या जोडीची एकत्र लिहिलेली शेवटची. पण हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं होतं ते एवढंच, की लाल रंगापासून सांभाळायचं.

त्या वर्षी इचलकरंजीत आमच्या गल्लीतलं एकही पोर लाल शर्ट घालून खेळायला यायला तयार नव्हतं. लाल रंगाचं जवळ काही असलं तर आपण पकडले जाऊ, असा आम्ही त्या नियमाचा विस्तार केला होता. काकूच्या लाल काचेच्या बांगडीतून एक डोळा मिटून आम्ही रस्त्यावरची रिकामी जागा तपासायचो. एका काल्पनिक नियमावर इतका विश्वास मी पुढं कधी टाकला नाही.

त्या नियमासाठी ही चौकट करायची आहे. चित्रपटातली युक्ती खरोखर होऊ शकते. कागदावर तर नक्कीच, कारण मी छपाईच्या प्रेसमध्ये रोज कागदावरचेच चार रंग हाताळते.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन दुपारी भाचीला घेऊन चित्रपट पुन्हा पाहिला, मध्ये मध्ये थांबवत, वहीत टिपत.

मी पहिल्यांदा पाहिला तो गल्लीत, गणपतीतच. दोन खांबांना बांधलेला पांढरा पडदा, मागं खुर्चीवर सोळा एमएमचा प्रोजेक्टर. पुढची जागा मोठ्यांनी भरली की आम्ही पोरं पडद्याच्या पलीकडं जाऊन बसायचो. चित्र तिकडूनही स्वच्छ दिसायचं, फक्त उलटं. पाट्या उलट्या, डावं ते उजवं. त्यामुळं दुसऱ्या दिवशी घड्याळ कुठल्या हातात होतं यावरून गल्लीत उभं भांडण झालं. अलीकडं बसलेले एक हात सांगायचे, पलीकडचे दुसरा, आणि दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी पाहिल्याची शपथ घेतली जायची. आज चित्र थांबवून बघितलं. अलीकडचे जिंकले. चौकटीतला अरुण तसाच काढायचा.

आता टिपलेलं.

खलनायक मोगॅम्बोचा अड्डा बघताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. तो गुळगुळीत काळा-सोनेरी दरबार, बटणांच्या भिंती, उगाच लुकलुकणारे दिवे, खाली वाफाळणारं आम्लाचं कुंड, एका सुरात हात वर करणारे शिपाई. यातलं काहीही खऱ्या प्रयोगशाळेत सापडणार नाही. भाची म्हणाली, "आत्या, हे सगळं लग्नाच्या हॉलसारखं दिसतंय." बरोबर आहे तिचं. आणि तरी मला वाटतं, यात कुठंही प्रेक्षकाला डोळा मारलेला नाही. ज्यांनी हे उभं केलं त्यांनी जीव लावून केलं. मोगॅम्बोचा पोशाख माधव अगस्तींनी शिवला, नागपूरहून मुंबईत आलेला आपला मराठी शिंपी. झालरी, पदकं, जरीचं काम, उभी कॉलर: कुठल्याच देशाच्या लष्कराचा नसलेला, पण एखाद्या सैन्याचा असणारच असं वाटणारा तो गणवेश. आणि त्यात अमरीश पुरी. माणसानं वीसेक वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी केली, नाटकं करत राहिला, आणि मग हा राक्षस असा वठवला, की त्याची बोटं सिंहासनाच्या हातावर वाजायला लागली की पडद्याच्या दोन्ही बाजूंची पोरं एकदम गप्प.

अशा चित्रपटांना भडक म्हणतात. भडक आहेच. पण भडकपणाचे दोन प्रकार असतात. एक जो तुम्हाला मूर्ख समजतो आणि दुसरा जो तुमच्यावर एवढा विश्वास टाकतो, की पुठ्ठ्याचा किल्लासुद्धा तुम्ही खरा मानाल याची त्याला खात्री असते. हा दुसरा. आणि त्यात मध्येच, अरुण सांभाळत असलेल्या पोरांतली छोटी टीना बॉम्बस्फोटात मरते. लहान मुलांच्या चित्रपटात लहान मूल मरतं. गल्लीतली सगळी पोरं रडली होती. आज भाची माझा हात धरून बसली आणि पुढची पंधरा मिनिटं तिनं एक शब्द काढला नाही. जो चित्रपट नुसती गंमत करत असतो, त्याला हे पेलत नाही.

शेवटी तिनं प्रश्न विचारला. "प्रकाश त्याच्यातून आरपार जातो, तर त्याच्या डोळ्यातूनही जाणार. मग त्याला दिसतं कसं?" बरोबर पकडलं. बघायचं तर डोळ्याच्या पडद्यानं प्रकाश अडवला पाहिजे, शोषला पाहिजे. पूर्ण अदृश्य माणूस पूर्ण आंधळा असणार. मी तसं सांगितलं. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग लाल उजेडात तो दिसतो, म्हणजे लाल उजेड त्याच्यात अडतो. म्हणजे त्याला फक्त लाल दिसत असेल." मला हे तीसेक वर्षांत सुचलं नव्हतं. वहीत तिच्या नावानं लिहून ठेवलंय.

१३ जुलै, रविवार

तत्त्व लिहून काढते, म्हणजे प्रूफ, म्हणजे चाचणीची छपाई, काढताना गोंधळ नको.

छपाईत चार शाया. सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी, काळी. पांढरा कागद येईल तो सगळा उजेड परत पाठवतो. मॅजेंटा हिरवा उजेड गिळते. पिवळी निळा गिळते. लाल उजेडाला या दोघी हात लावत नाहीत. लाल गिळते ती सायन. काळी तर सगळंच.

आता खोलीत फक्त लाल दिवा आहे असं धरा. पांढऱ्या कागदावरून लाल परत येतो, मॅजेंटावरून तेवढाच येतो, पिवळीवरूनही तेवढाच. म्हणजे या दोन शायांनी काढलेली फुलं, वेली, ठिपके सगळे कोऱ्या कागदात मिसळून जातात. सायनवरून मात्र काही परत येत नाही, ती काळपट दिसते. तेव्हा भिंतीवरचा फुलांचा कागद मॅजेंटा आणि पिवळीत छापायचा, माणूस फिकट सायनमध्ये, त्या फुलांच्या गर्दीत लपवून. टेबल-खुर्ची निव्वळ काळ्यात, म्हणजे ती दोन्ही उजेडात जागेवर राहतील. लाल दिवा लागला की भिंत कोरी आणि माणूस समोर.

संध्याकाळी इचलकरंजीला काकांकडं गेले. त्यांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण डार्करूमचं सामान एका पत्र्याच्या डब्यात अजून आहे. चिमटे, एनलार्जरची लेन्स, दोन ट्रे, आणि लाल दिवा. तो मला हवा होता. लहानपणी सुट्टीत त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहायची परवानगी मिळायची, एका अटीवर: दार उघडायचं नाही. ट्रेमध्ये कोरा ब्रोमाइड पेपर पडलेला. काका ट्रेचं एक टोक हलकं उचलून खाली ठेवायचे, परत उचलायचे, डेव्हलपर कागदावरून पुढं-मागं जायचं. आणि काही नसलेल्या जागी आधी केस यायचे. मग भुवया, मग कोटाची कॉलर. चेहरा सगळ्यात शेवटी. मग चिमट्यानं उचलून हायपोमध्ये, चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात. तो आंबूस वास डब्याच्या झाकणाला अजून येतो.

चित्रपट पाहिला तेव्हा मला ते लाल दिव्याचं अजिबात नवल वाटलं नव्हतं, याचं कारण हे. लाल उजेडात माणूस उमटतो हे मला आधीच माहीत होतं. रोज बघत होते.

काकांना चौकटीची कल्पना सांगितली. ते म्हणाले, "आमचं बरोबर याच्या उलट. आमच्या कागदाला लाल उजेड दिसायचाच नाही, म्हणून तर दिवा लावता यायचा. तू लाल उजेडालाच कामाला लावतेयस." त्यांनी दिवा पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

१९ जुलै, शनिवार

पहिली प्रूफं. प्रेसमध्ये कामाची गर्दी कमी झाल्यावर तेरा बाय एकोणीस इंचाच्या कागदावर काढली.

फाइलमध्ये फुलं मॅजेंटा आणि पिवळीत, सायन शून्य. छापून आली तेव्हा लाल उजेडात फुलं पूर्ण जाईनात, धुरकट सावली राहत होती. भिंग लावून पाहिलं: फुलांच्या गडद कडांत सायनचे बारीक ठिपके. मशीनचं सॉफ्टवेअर रंग 'सुधारतं', गडद गुलाबीत आपणहून थोडी सायन घालतं. लग्नपत्रिकेला ते चांगलंच, इथं नको. रंगबदल बंद करून फाइल जशीच्या तशी सोडली. आता भिंगाखाली एकही निळा ठिपका नाही आणि लाल दिव्याखाली भिंत कोरी.

काळ्याचंही तसंच. टेबल-खुर्चीला चारी शायांचा दाट काळा न वापरता एकटी काळी वापरली. नाहीतर चारातली सायन जरा सरकून छापली गेली, की लाल उजेडात खुर्चीला भुताटकीची किनार येते.

२६ जुलै, शनिवार

लपवणं हे खरं काम आहे. दाखवणं सोपं.

अरुणची आकृती भरीव सायनमध्ये केली, की पांढऱ्या उजेडात फुलांच्या मध्ये निळसर डाग दिसतो. लहान मूल तर लगेच बोट ठेवील. म्हणून आकृती रेषांची केली. टोपी, खांदा, कोपरातून वाकलेला हात, मनगटावर घड्याळ. रेषा फुलांच्या देठांवरून आणि पाकळ्यांच्या कडांवरून जातील अशा वळवल्या. फुलांमधल्या कोऱ्या जागा फिकट गुलाबी-पिवळ्यानं भरून टाकल्या, म्हणजे सायन तिथं निळी न दिसता मातकट दिसते आणि कागदाच्या जुनेपणात खपून जाते. सायन किती टक्के, यावर सगळं अडलेलं. कमी घेतली तर लाल उजेडात माणूस फिका. जास्त घेतली तर पांढऱ्यात उघडा. फुलं जितकी दाट आणि वेगवेगळ्या छटांची, तितकी सायन वाढवता येते, हे लक्षात आल्यावर काम पुढं सरकलं. शेवटी एका फुलात गुलाबीच्या पाच-सहा छटा गेल्या.

हे करताना सारखे पीटर परेरा आठवत होते. 'मिस्टर इंडिया'तल्या करामती त्यांच्या. संगणक नाही, जे करायचं ते कॅमेऱ्यातच. अशा कामात फिल्म एकदा चालवायची, भिंगाचा काही भाग झाकून. मग तीच फिल्म मागं घेऊन उरलेला भाग उघडा ठेवून पुन्हा चालवायची. कॅमेरा सुतभर हलला की सगळं वाया, आणि वाया गेलंय हे कळणार फिल्म धुवून आल्यावर. सेटवर नट हवेशी बोलतोय, हवेकडून मार खातोय. मारणारा तिथं नाही, पण मार कुठून आला हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. गुंडाचं काम करणाऱ्या बॉब क्रिस्टोला हनुमानाच्या मूर्तीकडून पडलेला मार आठवा. गल्लीत त्या प्रसंगाला अख्खा रस्ता टाळ्या वाजवत होता, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी.

आणि हे कसब मुंबईत फार जुनं आहे. १९३३ साली हॉलिवूडमध्ये अदृश्य माणसाचा चित्रपट आला, त्यात जॉन फुल्टननं नटाला काळं मखमल गुंडाळून काळ्या पडद्यापुढं उभं केलं. चारच वर्षांनी, १९३७ मध्ये, विजय भट्टांच्या 'ख्वाब की दुनिया'त बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढं काळ्या दोऱ्यांनी वस्तू हलवून तोच परिणाम साधला. तेव्हापासून त्यांना लोक 'काला धागा'च म्हणायला लागले. पुढं १९५७ च्या 'मिस्टर एक्स'मध्ये अशोककुमार अदृश्य झाले. आणि तीस वर्षांनी अरुणला वडिलांच्या यंत्राचा पत्ता सांगणारे प्रोफेसर सिन्हा कोण? तेच अशोककुमार. जुन्या अदृश्य माणसानं नव्याच्या हातात घड्याळ द्यावं, असं ते जुळून आलंय. हे कुणी ठरवून केलं असो वा नसो, मला ते फार आवडतं.

संकलनाच्या पाटीवर वामन भोंसले आणि गुरुदत्त शिराळी ही नावं आहेत. भोंसले गोव्यातल्या पोंबुर्फ्याचे. न दिसणाऱ्या माणसाच्या चित्रपटात संकलकाचं काम दुप्पट महत्त्वाचं असतं. आधी रिकामी जागा, मग दचकलेला चेहरा. या दोन तुकड्यांच्या मधोमध तो माणूस उभा असतो, आणि तो तिथं आहे हे फक्त कापण्याच्या वेळेवरून कळतं.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

दादाला राखी बांधली आणि ओवाळणीत वायरिंग मागितलं.

दोन दिवे कधीच एकत्र लागता कामा नयेत. पांढरा थोडा जरी उरला तरी फुलं परत येतात आणि माणूस जातो. दादा म्हणाला, यात काही अवघड नाही, जिन्याला लावतात तो टू-वे स्विच घे. मधल्या टर्मिनलला फेज, एका बाजूला पांढरा दिवा, दुसऱ्या बाजूला लाल. एक लागला की दुसरा आपोआप बंद. लहान मुलं हात लावणार, म्हणून दिव्यांना मेनची लाइन न देता बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि एलईडीच्या पट्ट्या असं ठरलं. स्विच साडेतीन फुटांवर, बालवाडीतल्या पोराचा हात पोचेल असा.

काकांचा दिवाही लावून पाहिला. त्याच्या लाल काचेतून थोडा नारिंगी सुटतो, माणूस दिसतो पण जरा मऊ. एलईडीचा लाल फार अरुंद पट्ट्यातला, त्यात रेष कोरल्यासारखी उठते. चौकटीत एलईडीच जाणार. काकांचा दिवा चौकटीच्या वर नुसता बसवायचा, न पेटवता. काका रागावणार नाहीत.

१६ ऑगस्ट, शनिवार

जागेवर जाऊन उजेड बघितला. मांडवात हॅलोजन, रस्त्यावर माळा, समोर वडापावच्या गाडीचा पांढरा एलईडी. उघड्यावर लाल उजेड टिकणारच नाही. चौकटीला फूटभर खोल खोका केला, आतून काळा, वर आणि दोन्ही बाजूंना पुढं आलेले पंख. थर्माकोल बंदच आहे, त्यामुळं सगळं पुठ्ठ्यात आणि प्लायच्या पट्ट्यांत. आत डोकं घालून बघायचं. सुरुवातीला मला ही तडजोड वाटली होती, पण भाचीनं डोकं घातलं, बटण दाबलं आणि आतून जो आवाज काढला त्यावरून कळलं, की असंच पाहिजे होतं. एकट्यानं बघायची गोष्ट आहे ही.

२४ ऑगस्ट, रविवार

अंतिम छपाई झाली. मॅट लॅमिनेशन केलं, ग्लॉसवर दिव्याची पट्टी चमकत होती. सनबोर्डवर चिकटवलं. खोका बसला, स्विच बसला.

वर पाटी लावायची का, यावर मंडळातल्या पोरांशी चर्चा झाली. ते म्हणत होते चित्रपटाचं नाव लिहा, गर्दी होईल. मी नको म्हटलं. फक्त एवढंच लिहिलं: 'खोलीत कोण आहे?'

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल बाप्पा बसले. आज संध्याकाळी पहिल्यांदा गर्दी झाली.

लहान मुलं बटण दाबतात, किंचाळतात, परत दाबतात, मग मित्राला ओढत आणतात. चित्रपट त्यांनी पाहिलेला नाही, पण नियम मात्र त्यांना तिसऱ्या वेळी बटण दाबेपर्यंत पाठ झालेला असतो. एक मुलगा तर खोक्यात आपला लाल टी-शर्ट पसरून बघत होता, पांढऱ्या दिव्यात, की माणूस दिसतो का. दिसला नाही तेव्हा मला विचारायला आला. मी सांगितलं, वस्तू लाल असून भागत नाही, उजेड लाल लागतो. आमच्या गल्लीला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर लाल शर्ट कपाटात पडून राहिले नसते.

माझ्या वयाची माणसं वेगळं वागतात. एकदाच दाबतात. डोकं बाहेर काढतात आणि शेजारी जो असेल त्याला सांगायला लागतात: कुणी थिएटरला पाहिलेला, कुणी रात्रभराच्या भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, एका रात्रीत तीन कॅसेट. एक बाई कॅलेंडरचं, म्हणजे अरुणच्या घरच्या आचाऱ्याचं, स्वयंपाकघरातलं गाणं आख्खं म्हणून गेल्या. रिक्षावाले एक काका म्हणाले, त्यांना त्यात सगळ्यात खरं वाटायचं ते उधारीचं. अरुणकडं दहा पोरं आणि घरात धान्य नाही, वाणी दारात. अदृश्य होण्याआधीच तो माणूस कुणाला दिसत नव्हता, असं ते म्हणाले. मी हे तिथंच, प्रसादाच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतलं.

त्यांच्या या बोलण्यानं एक गोष्ट माझ्यासाठी जुळली. या चित्रपटात मोगॅम्बोला सतत दिसायचं असतं. सिंहासन, पदकं, सगळ्यांनी बघावं, सगळ्यांनी जयजयकार करावा. आणि नायक असा, की काम होतंय हेच त्याला पुरतं, कुणी केलं हे दिसलं नाही तरी चालतं. त्यात शेवटी घड्याळ हरवतं. मीच मिस्टर इंडिया, असं तो मोगॅम्बोपुढं सांगतो आणि सिद्ध करायला हातात काही उरत नाही. मग पुढची लढाई सगळ्यांना दिसणाऱ्या, साध्या अरुणनं लढायची. लहानपणी मला हा भाग आवडायचा नाही, घड्याळ परत मिळावं असं वाटायचं. आता मला तो सगळ्यात भक्कम लिहिलेला भाग वाटतो.

२ सप्टेंबर, मंगळवार, गौरी विसर्जन

भाचीनं काल विचारलं, निळा दिवा लावला तर? तिच्या वाढदिवसाच्या माळेतली निळी पट्टी सोडवून आणली होती.

लावून बघितला. निळ्या उजेडात सायन कोऱ्या कागदात जाते, अरुण गायब. मॅजेंटा बऱ्यापैकी फिकी पडते. आणि पिवळी काळी होते. फुलांच्या पाकळ्या जवळजवळ गेल्या आणि नुसती केसरं उरली, अंधारात ठिपक्यांसारखी. म्हणजे फुलं नुसत्या मॅजेंटात छापली, तर त्याच भिंतीत दोन माणसं लपवता येतील. एक सायनमध्ये, लाल दिव्याचा. दुसरा पिवळ्यात, निळ्या दिव्याचा. पिवळी तर पांढऱ्या उजेडात तशीही डोळ्यांत भरत नाही, लपवायला सायनपेक्षा सोपी.

भाची म्हणाली, दुसरा मोगॅम्बो कर. मी नाही म्हटलं. लपून बसणं त्याच्या स्वभावात नाही, आणि नियम लालचाच आहे, तो खलनायकासाठी वाकवायचा नाही. मग तिनं विचारलं, ते घड्याळ केलं कुणी?

जगदीश वर्मांनी. अरुणचे वडील, शास्त्रज्ञ, गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेले. त्यांच्यामुळंच सगळं घडतं आणि त्यांना बघायला मात्र कुणाला मिळत नाही.

ठरलं. निळ्या दिव्यात वडील, मुलाच्या मागं उभे, हातात पाना की वही ते अजून ठरायचंय. मॅजेंटा निळ्यात पुरती जात नाही, म्हणून फुलांची गडद छटा साठ टक्क्यांच्या खाली ठेवून बघायची. टू-वे स्विचऐवजी तीन दिव्यांचा फिरता रोटरी लागेल, दादाकडं जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरचा आहे. पहिलं प्रूफ येत्या शनिवारी नको, त्या दिवशी अनंत चतुर्दशी आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी.